नव्या-जुन्याची शर्यत

“जिंकला! नवा जिंकला!” मी असा ओरडलो की समोरच्या सलूनमधला वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावरच थबकला.

आमच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात नवा कॉम्प्युटर आला होता. त्याला हळदकुंकू लावून बायकोने जुन्याचंही बटण त्याच्याबरोबरच दाबलं. नवा पापणी लवायच्या आत हजर! जुना नुसता घरघरत बसला. तो चालू व्हायच्या आत मी अंघोळ उरकली आहे, मंडई करून आलो आहे, एकदा तर मेव्हणीचं लग्न जमवून परतलो आहे. माणसाने केवढं आयुष्य त्या काळ्या पडद्यासमोर हाताची घडी घालून काढलं! ते सगळं आता परत आपलं. जगातलं ताटकळणंच आज संपलं, या विचाराने माझी छाती दुकानात मावेना.

“पाहिलंत ना, काका?” मी बाकावरच्या वधुपित्याला विचारलं.

“पाहिलं. माझी चारची एसटी आहे. मुलीच्या पत्रिकेचा नमुना तेवढा काढून द्या.”

“आत्ता देतो! या नव्यावर चुटकीसरशी!”

बायको म्हणाली, “त्यांची पत्रिका जुन्यात आहे.”