एका फांदीचे दोन रंग

मी या घरात नवीन होते आणि स्वयंपाकघराचं दार नीट लागत नसे, म्हणून ते भांडण माझ्या कानावर पडलं. लागत असतं तरी मी ऐकलंच असतं म्हणा. बाहेरच्या खोलीत माझे धाकटे दीर आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या नणंदबाई, पोवळ्याच्या एका फांदीवरून हमरीतुमरीवर आले होते. फांदी सासूबाईंची, जाताना दोघांत मिळून ठेवलेली. वीतभर लांब, करंगळीएवढी जाड, पिकल्या संत्र्याच्या सालीसारखी नारिंगी. जन्माचाच रंग, चढवलेला नव्हे.

भावजी पोवळ्याचे मणी घडवायचे. खिडकीखाली त्यांची बैठक, करवत, गिरमिट, घासायचा दगड आणि पाण्याचं भांडं. त्यांचं म्हणणं, सबंध फांदीची एकच माळ करू आणि ताईनं ती घालावी. वन्संचं म्हणणं, आईनं ठेवली तशीच राहू दे, मी दोरा बांधून गळ्यात घालीन.

"सरपण कोणी गळ्यात घालतं का?" भावजी म्हणाले.

झालं. वन्सं म्हणाल्या, "तुझ्या हाताला नुसतं कापायचंच कळतं. काप मग. माझं अर्धं मला दे."

आणि या शहाण्यानं खरंच करवत उचलली. आधी करवतीचा आवाज आला, मग दोन तुकडे फळीवर ठेवल्याचा. वन्सं आपला तुकडा रुमालात बांधून गेल्या. राहायला होत्या दोन गल्ल्या पलीकडे, पण त्या दिवसापासून दोघांत बोलणं नाही. त्या माझ्याकडे मागच्या दारानं यायच्या, की भावजी पुढच्या दारानं बाहेर. मी आपली मधल्या मध्ये चहाचे दोन कप घेऊन उभी.

भावजींनी आपल्या तुकड्याचे मणी केले. गोल मणी काढताना निम्मं पोवळं भुकटी होऊन पाण्यात जातं. त्या दिवशी भांड्यातलं पाणी दुधट नारिंगी झालेलं मी पाहिलं. गिरमिटानं वेज पाडून मणी ओवले तर माळ पुढून गळाभर दिसायची आणि मागे मानेपाशी दोरा उघडाच. एका माळेला एकाच फांदीचे मणी लागतात, तरच रंग जुळतो, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? पण रागाच्या भरात माणूस आपलाच धंदा विसरतो.

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी ती अपुरी माळ कापसात गुंडाळायची, खिशात घालायची आणि पोवळ्याच्या व्यापाऱ्याकडे जायचं, हा त्यांचा नेम झाला. लोकांना लाल हवं, त्यामुळे माल लालच यायचा, नारिंगी क्वचित. आलाच एखादा मणी, की ते तो दुकानाच्या उंबऱ्यात उजेडात न्यायचे. बोटानं चाचपून कोरडा आहे ना बघायचे, कारण ओलं पोवळं थापा मारतं, आहे त्याहून गडद दिसतं. मग कापसाला नखांचा रंग पुसायचं औषध लावून चोळायचे. कापूस रंगला, म्हणजे रंग चढवलेला, की मणी परत. व्यापाऱ्यानं त्यांचं नाव ठेवलं होतं अर्धेकाका. तोंडावर म्हणायचा, भावजी हसायचे.

मी एकदा म्हटलं, "भावजी, तुमचा रंग दोन गल्ल्या पलीकडे आहे. बाजारात काय शोधता?"

"ज्याला जोडायचंय त्यानं यावं, वहिनी. मला तर कापायचंच कळतं."

तिकडे वन्संचं वेगळंच. त्याला तोंड नाही का, मागितलं तर देते, म्हणायच्या. दोघांनीही मला बजावलं होतं, तिकडे सांगू नका. मी दोघांनाही सांगितलं. माझ्या चुगलखोरीचा एवढा सदुपयोग मी कधी केला नव्हता, पण दोघं ढिम्म. केस पांढरे झाले, गुडघे गेले, एकमेकांसाठी दोन गल्ल्या काही कोणाला ओलांडवल्या नाहीत.

भावजींनी ओलांडल्या त्या वन्सं वारल्या तेव्हा. त्यांच्या दारापर्यंत पोचले, उभे राहिले आणि तिथूनच परत आले.

काही दिवसांनी भाची आली, हातात तो रुमाल. म्हणाली, "मामा, आई सांगून गेली होती, त्यानं मागितलं तर दे. तुम्ही मागत नाही, म्हणून मीच आणलं."

भावजींनी तुकडा खिडकीत नेला आणि शेजारी माळ ठेवली. मीही चष्मा लावून वाकले. माळ इतकी वर्षं कापसात, अंधारात, जशीच्या तशी. वन्संनी तुकडा कधी गळ्यातून काढलाच नव्हता. धुणं, भांडी, साबण, घाम, सगळं त्यावरून गेलं होतं. झिलई उडालेली, रंग सालीच्या आतल्या बाजूसारखा फिका. सख्खी भावंडं ती, पण आता लांबची नातेवाईकही वाटेनात.

मी म्हटलं, वरचा थर घासून काढा की, आत रंग असेलच.

त्यांनी तुकडा कापसावर ठेवला. मग म्हणाले, "हा थर तिनं वापरून केलाय, वहिनी. हा घासला तर पुन्हा कापलंच की मी."

तुकडा आहे तसा मधोमध घ्यायचा, दोन्हीकडे फिक्यापासून गडदपर्यंत मणी चढवत न्यायचे आणि माळ भाचीला द्यायची, असं त्यांनी ठरवलं. नेम तोच राहिला, फक्त आता मधला रंग हवा होता. भाची मधूनमधून विचारून जायची. भावजी म्हणायचे, मिळेल, घाई करू नकोस. घाईला उरलं काय होतं!

त्यांची ती शेवटची खेप, हे आम्हाला दुसऱ्या सकाळी ते उठलेच नाहीत तेव्हा कळलं. त्या दिवशी मात्र सगळं रोजच्यासारखंच. त्यांनी हात धुऊन कोरडे केले, माळ आणि तुकडा वेगवेगळ्या कापसात गुंडाळले. मी पोलक्याच्या शिवणीसाठी दोरा आणायला सांगितला. व्यापाऱ्यानं नंतर सांगितलं, एक मणी त्यांनी उंबऱ्यात बराच वेळ धरला, किंचित लालसर आहे म्हणून परत दिला आणि त्याच्या पाठदुखीची चौकशी करून निघाले.

घरी आले ते दोऱ्याचं रीळ घेऊनच. माझं पोलकं मागून घेतलं, खिडकीशी नेलं, कापड कोरडं आहे ना ते बोटांनी चाचपलं आणि रीळ त्याला लावून धरलं.

"हे जुळतंय," म्हणाले, आणि चहा मागितला.