बबनची फॅट

बबनबद्दल लिहायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. कुणी त्याचा विषय काढला की त्याच्या दोन गमती सांगायचो आणि थांबायचो. त्यापुढे माझा भाग येतो.

नसरापूरला माझी रक्त तपासायची छोटी लॅब होती. बबन गुंजवणी धरणाकडच्या गावांतून रोज सकाळी टेम्पोतून दूध आणायचा. दुधाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचा, नख तिरपं करायचा आणि थेंब कसा ओघळतो ते बघून फॅट सांगायचा. डेअरीचं मशीनही जवळजवळ तेच दाखवायचं. कॅनमध्ये पाणी वाटलं तर सख्ख्या चुलत्याचंही दूध परत करायचा. वर म्हणायचा, "तात्या, धरण भरलंय की. ह्यो कॅन कशाला भरता?"

आमच्या घरी दूध तोच घालायचा. मला म्हणायचा, "काका, तुमी मानसाची फॅट काढता, आमी म्हशीची. धंदा एकच. फकस्त म्हस खोटं बोलत न्हाई."

तेव्हा तो पस्तिशीचाही नव्हता. टेम्पोत बसून पोट सुटलेलं, वडिलांना साखर. म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. मी बजावलं, "उपाशी ये."

तो आला त्या दिवशी संकष्टी होती. आमच्याकडचा हा नेहमीचा घोळ. उपाशी या म्हटलं की लोक उपास करून यायचे. सकाळीच एका आजीला परत पाठवलं होतं. "काय बी खाल्लं न्हाई, निस्ती साबुदान्याची खिचडी," असं त्यांचं म्हणणं. बबनचं रक्त मशीनमध्ये फिरवलं, तर वर जे पाणी पिवळसर, निवळ दिसायला हवं ते दुधासारखं पांढरं. रक्तात चरबी मावत नव्हती. साखरही थोडी वर होती.

"खिचडी हाणून आलास ना?" मी बाकावरच्या लोकांसमोर विचारलं.

"न्हाई काका. पान्याचा थेंब बी न्हाई."

"मला शिकवतोस? म्हशीएवढी फॅट लागलीय तुझी."

सगळे हसले. तोही हसला, बाही खाली ओढत. रिपोर्टवर आणि वहीत त्याच्या नावापुढे मी लिहिलं : खाऊन आल्यानंतरचा नमुना. ते वाचून डॉक्टर म्हणाले, सवडीनं पुन्हा उपाशी तपासून घे. बबन पुन्हा आला नाही. दूध घालताना एकदाच म्हणाला, "काका, माज्या दुधात पानी हाय म्हनला असता, तर चाललं असतं."

ऐन तिशीत उपाशीपोटी रक्त असं दुधाळ निघालं, तर साखर बहुतेक उंबऱ्याशी आलेली असते, हे मला ठाऊक होतं. तेव्हाच पथ्य, चालणं, औषध सुरू झालं असतं तर ती कदाचित लांबली असती. पण मी त्याला उपाशी धरलंच नाही.

काही वर्षांनी पायाची जखम चिघळली तेव्हा साखर कळली. तोवर डोळे, मूत्रपिंडं सगळ्यांनाच झळ लागली होती. रक्त घ्यायला मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको सुमन चहा गाळत सहज बोलून गेली, "काका, तुमी त्यांना खिचडीवरनं बोलला ना, त्या दिशी डबा तसाच माघारी आला. रक्त दिल्यावर खायाला भाकरी बांधली हुती म्या. आमच्यात संकष्टी कुनी धरत बी न्हाई."

बबनला आता नीट दिसत नव्हतं. माझा आवाज ओळखून म्हणाला, "काका, आज दोन बिस्किटं खाल्लीत बरं का. आदीच सांगतो."

मी हसलो आणि सुई टोचली. तोंडाशी आलं होतं ते गिळलं. पुढच्या खेपेला निवांत बोलू म्हटलं. पुढच्या खेपेच्या आधीच सुमनच्या भावाचा फोन आला.

लॅब बंद करताना जुन्या वह्या रद्दीत घातल्या, बबनची ती नोंद असलेली तेवढी ठेवली. त्याच्या नावापुढची ओळ आज खोडली. बाजूला जे लिहिलं, ते त्या बाकावरच्या लोकांसमोर म्हणायला हवं होतं : बबन, तू उपाशीच आला होतास. खोटं मी बोललो. मला माफ कर.