समुद्राकाठच्या केळीच्या चार ओळी

वकिलातीतला माणूस म्हणजे सूट घालून मेजवान्या झोडणारा बाबू, असंच तुम्हालाही वाटतं ना? मलाही वाटायचं. मग माझी पोस्टिंगच तिथे झाली.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी सिग्नल्समध्ये लान्स नाईक, वय पंचवीस, राहणार सावदा. समुद्राकाठचा एक लहान देश, त्याची राजधानी, तिथली आपली वकिलात. देशाचं नाव लिहीत नाही. ड्यूटी तीन कामांची: वायरलेस सेट, जीप आणि एका अधिकाऱ्याची सुरक्षा.

ते अधिकारी म्हणजे देवरे साहेब, पिंपळनेरचे. पहिल्या दिवशी माझी फाइल मिटून त्यांनी विचारलं, "तू कोठला शे रे?"

"सावद्याचा, सर."

"म्हंजे केळीवाला! बरं झालं. इथे दोन वर्षं कुणाशी अहिराणी बोललो नाही."

"सर, आमच्याकडे अहिराणी नाही बोलत."

"तरी ऐकशील ना? तेवढं पुरे."

त्यांची खुर्ची नवी होती. एक बडी सत्ता त्या देशात फुकट रस्ते, दवाखाने बांधून देत होती आणि आपल्या दारापाशी पाय रोवत होती. त्यावर लक्ष ठेवायला आपल्या सरकारने त्या सत्तेची भाषा शिकलेला माणूस मुद्दाम पाठवला होता. काम चोरीचं नव्हतं. तिची वर्तमानपत्रं वाचायची, तिच्या कामगारांशी बाजारात गप्पा मारायच्या, धक्क्यावर काय उतरलं ते टिपायचं. इतर अधिकारी हसायचे.

"काय देवरे, आज सिमेंटची किती पोती?"

"चारशे. तुमचे समोसे किती?"

०६:०० सेट चेक. ०७:३० साहेबांना बाजार. दर गुरुवारी किनाऱ्याचा रस्ता. सहा महिने हेच.

एका गुरुवारी, दुपारी दोनच्या सुमारास, त्या सत्तेचा नवा 'कृषी प्रकल्प' लागला. रस्त्यालगत केळीची बाग, भलामोठा फलक. मी ब्रेक दाबला.

"काय झालं?"

"सर, ही बाग खोटी आहे."

"खोटी म्हणजे? केळी तर दिसतायत."

"बुंध्याशी फुटलेली पिलं बघा, एकही कापलेलं नाही. पाण्याला पाट नाही. समोरून समुद्राचा वारा, आणि आडोशाला शेवरीची एक ओळ नाही. पानांच्या चिंध्या झाल्यात. आमच्याकडे असं कुणी केलं तर बाप घरात घेणार नाही. ही केळी पिकवायला लावलेली नाही, सर. दाखवायला लावली आहे."

साहेब उडी मारून उतरले. केळीच्या चारच ओळी होत्या. त्यांच्या मागे सरळ, सपाट, रोलर फिरवलेली पट्टी थेट समुद्रापर्यंत गेली होती. धावपट्टी! साहेबांनी सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून फोटो काढले, रस्त्याकडेनेच पावलांनी पट्टीची रुंदी मोजली, वहीत लिहिली.

"चौधरी, उद्या दहाला इथलं सरकार हा सगळा किनारा त्यांना शेतीसाठी म्हणून लिहून देणार आहे. आपले राजदूत नऊला परराष्ट्रमंत्र्यांना भेटतायत. त्याआधी हे फोटो त्यांच्या हातात पाहिजेत. पळव गाडी."

परतीच्या वाटेवर खाडीवरची फरशी होती, भरतीत पाण्याखाली जाणारा बुटका पूल. भरती लागली होती. थांबलो असतो तर रात्रीपर्यंत अडकलो असतो, आणि फोटो धुवायला वेळ उरला नसता. साहेब म्हणाले, "जाऊ." मी गाडी घातली. १६:१० ला इंजिन बरोबर मधोमध बंद पडलं.

"कंट्रोल, जीप वन. फरशीवर अडकलो. पाणी वाढतंय. ओव्हर."

"जीप वन, मदत निघाली. चाळीस मिनिटं. ओव्हर."

धावपट्टीचं उघड्या सेटवर बोलता येत नव्हतं. सगळेच ऐकत होते.

साहेबांना पोहता येत नव्हतं. मी तापीत पोहायला शिकलेलो. मी म्हणालो, "सर, माझी मान धरा, दोघं जाऊ."

त्यांनी पाण्याच्या ओढीकडे पाहिलं. "दोघं नाही जाणार. फिल्म भिजेल, तूही जाशील." त्यांनी फिल्म आणि वही सेटच्या रबरी पिशवीत बांधली, माझ्या गळ्यात अडकवली. "मी टपावर बसतो. चाळीस मिनिटांचा तर प्रश्न आहे. नीघ. ऑर्डर शे."

मी निघालो. काठाला लागून मागे पाहिलं. ते टपावर उभे होते आणि हाताने 'पुढे जा' खुणावत होते.

मदतीची गाडी सदतिसाव्या मिनिटाला आली. पिशवी त्यांच्या हवाली करून मी त्यांच्याबरोबर फरशीकडे परत फिरलो. टप पाण्याखाली होता. तिसऱ्या दिवशी कोळ्यांना देह सापडला.

माझी ड्यूटी त्यांचं रक्षण करायची होती. मी कागदांचं केलं.

त्याआधीच, दुसऱ्या दिवशी नऊ वाजता, फोटो मंत्र्यांच्या टेबलावर होते. दहाची सही झाली नाही. आपल्या कागदांत एवढंच आलं: दौऱ्यावर असताना वाहन अपघात. ती खुर्ची आठ महिने रिकामी राहिली. मग तिच्यावर जो बसवला, त्याला त्या भाषेचं अक्षर येत नव्हतं. सीमेवर डोळे बांधून संत्री उभा केला, तर तुम्ही गप्प बसाल का? मग इथे का बसता?

रजेवर आलो तेव्हा पिंपळनेरला गेलो. त्यांच्या आईने, अक्कांनी, चहा ठेवला आणि विचारलं, "भाऊ, मना पोर्‍या तठे काय काम करे?"

"सरकारी काम, अक्का."

"बठ्ठा तसंच सांगतस," त्या म्हणाल्या. आलेला प्रत्येक जण त्यांना तेच सांगून गेला होता.

तेव्हा माझं तोंड बांधलेलं होतं. आता ती धावपट्टी तिथल्याच वर्तमानपत्रांत छापून आली आहे, म्हणून लिहिलं. हे कागद खिशात घेऊन मी पिंपळनेरच्या वाटेवर दोनदा साक्रीपर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा परतीची एसटी पकडली. अक्कांना वाचता येत नाही. तुमचं पिंपळनेरकडे जाणं झालं, तर देवरे अक्कांचं घर विचारा. ओट्यावर बसा आणि हे त्यांना वाचून दाखवा. सावकाश वाचा. फरशीचा भाग गाळू नका.