लांबच्या टोकाची वस्तू

आमच्या साडूंइतका पळालेला माणूस साऱ्या उस्मानाबाद जिल्ह्यात झाला नाही, आणि त्यांच्याइतका घरात असलेला बापही झाला नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा मावल्या, हे मला पुष्कळ वर्षं कोडं होतं. माझ्या बायकोची धाकटी बहीण त्यांना दिलेली. माणूस काडीसारखा, पाय मात्र बगळ्यासारखे लांब. दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर ते हजेरी घ्यायला होते. काम घरापासून पाच मैलांवर. बाकीचे लोक चालत किंवा सायकलवर जात, हे पळत जात. संध्याकाळी पळत येत. त्या दिवसांत माणसं पाण्याच्या टँकरमागं पळत, रेशनच्या गाडीमागं पळत. कशाच्याही मागं न लागता पळणारे आमचे साडू एकटेच. तेवढ्यानंही पोट भरेना, म्हणून सुट्टीच्या दिवशी आणखी पंधरा-सोळा मैल पळू लागले, तेव्हा मेहुणीनं पदर खोचला. म्हणाली, "पळायचं तर खुशाल पळा. पण पोरं घेऊन पळा. म्या म्हशी बघू का पोरं बघू?"

दुसरा कुणी असता तर त्यानं पळणं सोडून दिलं असतं. साडूंनी बायकोचं जुनं लुगडं मागून घेतलं, त्याची झोळी केली आणि पाच-सहा वर्षांच्या शकूला पाठीशी बांधून निघाले. धाकटा अजून दूधपिता होता म्हणून वाचला. पुढं त्याचीही पाळी आली. पहिल्याच दिवशी मागून एस.टी. आली आणि ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला. "अहो, आजारी लेकरू घेऊन कुठवर पळता? या आत, दवाखान्यापाशी सोडतो."

"लेकरू चांगलं हाय. म्या पळायलोय."

"कशापायी?"

"पळायलोय म्हणून पळायलोय!"

सगळी बस खिडक्यांना लटकून बघत राहिली. एक म्हातारी म्हणाली, "बाईल माहेरी गेली असंल, तिला आणाया निघालाय."

साडूंकडं घड्याळ नव्हतं. त्यांनी त्यावरही तोड काढली. शकूनं पाठीवर बसून पाढे म्हणायचे. दोनपासून तिसापर्यंत पाढे झाले की एक मैल झालाच पाहिजे, असा त्यांचा हिशेब. मैलाचा दगड पंचविसालाच आला तर त्या दिवशी घरी गूळ वाटला जाई. पण पोरगी एकोणीसच्या पाढ्यात हमखास अडायची. मग हे रस्त्याच्या मधोमध उभ्या जागी पळत राहायचे आणि ओरडायचे, "एकोणीस सत्ते? आगं, एकोणीस सत्ते?" बांधावरची गुराखी पोरं उत्तर सांगायची, ते यांना चालत नसे. शकूला स्वतः आठवेपर्यंत पाय पुढं पडायचा नाही. त्या वर्षी गावच्या शाळेत एकोणीसचा पाढा न अडखळता म्हणणारी ती एकटीच होती. गुराख्यांनाही तो पाठ झाला.

आणखी एक रीत त्यांनी पाडली होती. मुलं बरोबर नसली की जिथून माघारी वळायचं तिथली एक वस्तू ते घरी आणायचे. चिंचेचा आकडा, मोराचं पीस, तेरखेड्याच्या वाटेवर सापडलेली फटाक्याची रिकामी नळी. "ही लांबच्या टोकाची वस्तू," असं म्हणून शकूच्या हातात द्यायची, आणि मग त्या टोकाला काय पाहिलं ते अंघोळीआधी सांगायचं. शकूनं त्यासाठी बिस्किटाचा पत्र्याचा डबा राखला होता. बाप कुठवर गेला होता याचा पुरावा पोरीच्या डब्यात असे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. इतकी वर्षं मी त्याला वळसाच घालत आलो.

दुष्काळ सरला, गावात दूध संस्था निघाली आणि मी तिचा सेक्रेटरी झालो. वर्षाच्या कार्यक्रमाला चेअरमननी दहा मैलांची शर्यत ठेवली. पाच मैलांवर कडुलिंबाचं एक झाड, तिथून माघारी. लिंबाखाली मी संस्थेचा रबरी शिक्का घेऊन बसायचं आणि येईल त्याच्या मनगटावर उमटवायचा. शिक्का नाही तर शर्यत नाही.

थंडीचे दिवस होते. लिंबाशेजारच्या रानात हुरडा भाजत होते. वास आला. "सेक्रेटरी, या की दोन घास!" अशी हाकही आली. मी मनाशी म्हटलं, पाच मैल यायला माणसाला पाऊण तास तरी लागेल. एस.टी.त सीटवर टोपी टाकून आपण जागा धरतो ना, तशी मी डोक्यावरची टोपी लिंबाखालच्या मैलाच्या दगडावर ठेवली, शिक्का खिशात टाकला आणि हुरड्याला गेलो.

परत आलो तर दगडावर टोपी नव्हती. दूर वळणावर दोन लांब पाय तेवढे दिसले, गावाकडं जाणारे. हाक मारायला तोंड उघडलं, पण तोंडात हुरडा होता. पुढं एकेक गडी आला, त्यांना मी शिक्के मारले.

गावात पोचलो तर साडू कधीचे पहिले आले होते आणि मनगट कोरं म्हणून लोकांनी त्यांना घेरलं होतं. चेअरमननी मला विचारलं, "सेक्रेटरी, हे लिंबापातुर आले होते का?"

माझी नेमणूक नवी होती. चेअरमन तापट होते. मी म्हणालो, "मला लिंबाखाली दिसले न्हाईत."

वाक्य खरं होतं, आणि त्याहून मोठं खोटं मी जन्मात बोललो नाही. साडूंनी माझ्या बोडक्या डोक्याकडं पाहिलं, काळ्या झालेल्या ओठांकडं पाहिलं. त्यांचा हात बनियनवर पोटाशी गेला. तिथं काहीतरी घडी करून खोचलेलं होतं. मग हात खाली आला. "राहू द्या," एवढंच म्हणाले आणि घरी गेले.

दिवस मावळायला शकू आमच्या दारात उभी. हातात माझी टोपी. "काका, बाबांनी दिली. लांबच्या टोकाची वस्तू हाय, पण ही आपल्याला ठेवायची न्हाय म्हणले." मी टोपी घेतली. तिच्या ओंजळीत उरलेला हुरडा घातला.

गावापासून अर्ध्या मैलावर ओढा होता; तिथूनच ते गुपचूप माघारी वळले असं ठरवून गावानं त्यांचं नाव 'अर्धा मैलवाले' पाडलं. शाळेत पोरं शकूला चिडवत, "तुजा बाप वढ्यातनंच माघारी फिरला!" शर्यतीत ते पुन्हा कधी उतरले नाहीत. पळणं मात्र एक दिवस चुकलं नाही. शकूनंतर धाकटा पाठीवर आला, त्यानंतर नातवंडं. माझ्या दारावरून जाताना ते नेहमी हात वर करायचे. तो हात मला पन्नास वर्षं सोसवला नाही.

गेल्या उन्हाळ्यात साडू गेले. तेराव्यानंतर मी ती टोपी घेऊन शकूकडं गेलो. ती आता शाळेतून रिटायर झालेली बाई. जन्मभर गणित शिकवलं तिनं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, मला तवाच कळलं होतं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गावाला न्हाय ठाऊक."

म्हणून हे लिहिलं. आमचे साडू त्या दिवशी लिंबापर्यंत गेले होते. तिथं नव्हतो तो मी.

शकूनं फळीवरचा डबा काढला. गंजला होता, पण चिंचेचा आकडा होता, पीस होतं, नळी होती. मी टोपी वर ठेवली. तिनं झाकण लावून पाहिलं, दाबून पाहिलं, लागेना. टोपी जरा मोठी होती. मी म्हटलं, दुसरा डबा आणून देतो.

"राहू द्या," ती म्हणाली. आवाज अगदी त्यांचाच.