नाइटवाल्यांचे पाढे

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

तुमच्यापैकी धाकटीच्या शाळेतून तक्रार आली, ती वर्गात फार दंगा करते, म्हणून तुमची आई परवा फोनवर रडली. रडण्यासारखं त्यात काही नाही. ते तिला सांगून झालं. आता तुम्हाला लिहिते.

मी कारखान्यांच्या पट्ट्यातल्या निघोज्याच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. सहावीची वर्गशिक्षिका होते. वर्गात एक मुलगी होती, लातूरकडून आलेल्या कुटुंबातली. कंपासपेटी बाकावर आपटायची, कंपनीतल्या पत्रा ठोकणाऱ्या प्रेससारखा धाडधाड आवाज तोंडाने काढायची. पोरं ओरडायची, "बाई, मशीन चालू झाली!" पण एखादा आठवडा हीच मुलगी शहाण्यासारखी बसायची. मुख्याध्यापकांच्या मते तो निव्वळ नाटकीपणा होता.

"मॅडम, हिचा दाखला देऊन टाकू. एकीपायी वर्ग बिघडतो."

दाखला हातात पडला असता, तर ती घरीच बसली असती. दुसरी शाळा लांब होती आणि तिला सोडायला कोणी नव्हतं. मी तिच्या आईला बोलावलं.

"बाई, तिचा बाप या आठवड्यात नाइटला हाय," आई म्हणाली. "दिवसा झोपतो. एकच खोली. वाटी पडली तरी अंगावर धावून येतो. लेकराला मी ब्र काढू देत नाही."

शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. शहाणपणाचे आठवडे बापाच्या दिवसपाळीचे होते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारलं, "कोणाकोणाचे बाबा नाइटला आहेत?" बरेच हात वर झाले, आणि सगळे आमच्या दंगेखोरांचेच. त्याच्या पुढच्या दिवशी प्रार्थनेआधी त्यांना मैदानात नेलं. "घसा फाटेपर्यंत पाढे म्हणा. कुजबुजेल त्याला परत म्हणायला लावीन." ती मुलगी इतकी ओरडली की पत्र्यावरची कबुतरं उडाली. त्या दिवशी कंपासपेटी दप्तरातच राहिली.

मुख्याध्यापक तरातरा बाहेर आले. "मॅडम, रस्त्यावरचे लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, या शाळेतल्या पोरांना पाढे येतात."

"आणि दाखला?"

"त्यावर वर्गशिक्षिकेची सही लागते, सर. मी करणार नाही. हवं तर माझ्यावर शेरा मारा."

त्यांनी मारला. 'शिस्तीबाबत हेकेखोर.' तो शब्द मला आवडला. वर्षभर आम्ही रोज ओरडलो, पावसात व्हरांड्यात. ती मुलगी दहावीपर्यंत त्याच शाळेत राहिली, आणि वर्गात कधीमधी प्रेस चालू झाली तरी कोणाचं काही अडलं नाही.

तेव्हा धाकटे, तुझ्या बाईंना माझा नमस्कार सांग आणि विचार, "आमच्या घरी मला दिवसभर गप्प का बसवतात, ते तुम्ही विचारलंत का?" मग आईलाही विचार. तिचं ऑफिस घरूनच चालतं ना?

मी निवृत्त झाले, ते मुख्याध्यापकही निवृत्त झाले. मागच्या आठवड्यात आकुर्डीच्या घरून मुद्दाम त्या शाळेत जाऊन आले. प्रार्थनेआधी नाइटवाल्यांची पोरं अजूनही मैदानात ओरडून पाढे म्हणतात.