कुंपणापलीकडचं अरफज

कुवेतमधल्या अहमदी गावाहून निघालो तेव्हा सकाळचे सहा वाजले होते. ऐंशीच्या दशकातला एप्रिल. जीपमध्ये वनस्पती दाबायची लाकडी चौकट, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि पाण्याचे दोन कॅन. नवऱ्याच्या इस्पितळातल्या नोकरीमुळे मी कुवेतला आले आणि माझी वनस्पतिशास्त्राची पदवी आठ वर्षं ट्रंकेत पडून राहिली. नुकतंच एका प्रयोगशाळेत वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह लावायचं काम मिळालं होतं. शेवंतीच्या कुळातली रानफुलं गोळा करायला तिथल्या साहेबांनी आज प्रथमच मला पाठवलं होतं. सोबत ड्रायव्हर युसूफभाई, दापोलीकडचे.

दोन तास नुसती करडी जमीन आणि शेळ्यांनी बुडख्यापर्यंत खाल्लेली झुडपं. मग सरकारी राखीव रानाचं तारेचं कुंपण आलं आणि मी ओरडलेच, "थांबा!"

तारेच्या अलीकडे काहीच नव्हतं. पलीकडे, नजर पोचेल तिथवर, अरफज (गुडघाभर उंचीचं वाळवंटी झुडूप) पिवळ्या फुलांनी भरलं होतं. युसूफभाईंनी इंजिन बंद केलं.

फाटकावर अबू सालेम नावाचा म्हातारा बदू (वाळवंटातला मेंढपाळ) राखणीला होता. त्यानं आमचा परवाना पाहिला, कोरा गोड चहा आणि खजूर दिले. पण मी झुडपाला कात्री लावताच तो धावत आला.

"ताई, तो विचारतोय," युसूफभाई अवघडून म्हणाले, "पूर्वी माझ्या शेळ्या इथंच चरायच्या. त्यांना बाहेर काढलंत, नि आता तुम्हीच कापताय?"

मी एक फूल उभं चिरलं आणि भिंगासकट त्याच्या हातात दिलं.

"सांगा त्यांना, हे एक फूल नाही. यातली प्रत्येक पाकळी वेगळं फूल, मधला प्रत्येक ठिपकाही फूल."

तो खूप वेळ बघत राहिला. "सुब्हानल्लाह," पुटपुटला. मग म्हणाला, "जन्मभर शेळ्यांना हे चारलं, आत काय आहे ते आज दिसलं. पण कापून नेता कशाला?"

"उद्या कुंपण राहिलं नाही, तरी इथे काय उगवत होतं ते कागदावर राहील."

युसूफभाईंनी ते अरबीत सांगितलं. अबू सालेमनं माझ्या हातातून कात्री घेतली आणि स्वतःच एक फांदी अलगद कापून दिली. नंतर एका घळीत नेऊन अंगठ्याएवढी, वाळूला चिकटलेली फुलं दाखवली. ती मला एकटीला कधीच सापडली नसती.

दुपारी पश्चिमेकडचं आकाश तपकिरी झालं. "सरायात!" तो ओरडला (वसंतातलं अवचित वादळ). पाहता पाहता कागद उडू लागले. चौकट आवळायच्या आत त्यानं आपला झगा तिच्यावर टाकला आणि वर पालथा पडला. मी दुसऱ्या बाजूनं धरून बसले. तोंडात वाळू, कानात घोंघावणं. शेवटी टपोरे थेंब पडले आणि सगळं निवळलं. नमुने शाबूत होते. धुऊन निघालेलं अरफज मैलभर चमकत उभं होतं.

पुढच्या आठवड्यात नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर 'संग्राहक' या शब्दापुढे मी दोन नावं लिहिली. साहेबांनी चष्मा वर केला. "हे अबू सालेम कुठल्या विद्यापीठातले?"

मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी नाव खोडलं नाही.

आठ वर्षं मी घराच्या गच्चीवरून वाळवंट पाहत होते आणि भारतात धाडलेल्या पत्रांत लिहीत होते, इथे काही उगवत नाही. त्या रात्री आईला पत्र लिहिताना पहिलंच वाक्य लिहिलं: माझं चुकलं होतं.