शेवटच्या थांब्यावरचं दार

बसमध्ये तिला सगळे अक्काच म्हणत. एकोणीस वर्षं कंडक्टरकी केलेली बाई. आवाज असा की मागच्या दारात अडून राहिलेला माणूस मुकाट्याने पुढे सरके. पण सकाळी साडेपाचला घर सोडल्यापासून दुपारी दोनला डेपोत परत येईपर्यंत ही बाई पाण्याचा एक घोटही घेत नाही, हे तिच्या नवऱ्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

कारण साधं होतं. शेवटच्या थांब्यावर बायकांसाठी सोयच नव्हती. ड्रायव्हर भिंतीआड जाऊन येई. अक्का तेवढ्या वेळात उभ्याउभ्या डब्यातले चार घास कोंबायची. पाणी प्यायलं की जावं लागणार, म्हणून पाणीच नको. पहाटे घरी पोटाने हाक दिली तरी घड्याळ बघून ती म्हणायची, "नंतर." हळूहळू पोटाने हाक देणंच सोडलं. तीन-तीन, चार-चार दिवस नुसते जायचे. मग जुलाबाची गोळी. एकीने भागेना तेव्हा दोन. पोट दगडासारखं, छातीत जळजळ, आणि कुणी विचारलंच तर हसण्यावारी न्यायचं.

नवरा शिंपी. घरातच मशीन टाकून बसलेला, कमी बोलणारा माणूस. वर्षभरात त्याने तिच्या गणवेशाची कंबर दोनदा सैल करून दिली होती.

एक दिवस भरल्या बसमध्ये अशी कळ आली, की तिकीट फाडता फाडता अक्का दोन सीटांच्या मधे मटकन खाली बसली. ड्रायव्हरने बस कडेला घेतली आणि शिंप्याला फोन लावला. तो गळ्यातली टेपसुद्धा न काढता धावत आला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. घाबरण्यासारखं काही निघालं नाही.

"पोट साफ होतं का रोज?" त्यांनी विचारलं.

साठ माणसांवर ओरडणारी अक्का पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली.

"नाही होत," नवरा म्हणाला. "ती पाणीच पीत नाही. आणि गोळ्या खाते. ट्रंकेत, साड्यांच्या घडीत ठेवते."

अक्काने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "औषध देते, पण ते थोडे दिवसच. खरं काम तुम्हालाच करायचंय. पाणी दिवसभर, थोडं थोडं. भाज्या, सालीसकट फळं, कडधान्यं. पण हळूहळू वाढवा, एकदम नको. बसून, चावून जेवा. रोज सकाळी ठरावीक वेळी, घाई न करता जाऊन बसा. आणि शौचाची कळ आली की दाबू नका."

"आणि दाबायची नाही तर जायचं कुठे, डॉक्टर?"

डॉक्टरीणबाई कागदावर काही लिहिल्यासारखं करत राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून शिंपी अर्धा तास आधी उठू लागला. चूल पेटवून पाणी कोमट करून द्यायचा, डबा स्वतः भरायचा. घड्याळाकडे अक्काची नजर जाऊ नये म्हणून त्याच्यासमोर उभा राहायचा. "जा, बस निवांत. बस काही तुझ्याशिवाय सुटत नाही."

अक्काने मात्र पहिल्याच आठवड्यात उसळीचा एवढा मोठा वाडगा चापला, की पोट नगाऱ्यासारखं फुगलं. ती कळवळत होती आणि नवरा तोंडाला कापड लावून हसत होता. "हळूहळू म्हणाल्या होत्या ना गं त्या!"

तरी शेवटच्या थांब्याचा प्रश्न होताच. एका मंगळवारी अक्काला बसमध्ये ओळखीचं डोकं दिसलं. शिंपी खिडकीजवळ बसला होता. तिकीट काढून, तिच्याकडे न बघता तो शेवटच्या थांब्यावर उतरला आणि समोरच्या गल्लीत दारं ठोठावू लागला. दोन दारं तोंडावर मिटली. तिसरं एका निवृत्त शाळामास्तरणीने उघडलं. तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "किती वाजता येते बस?"

संध्याकाळी घरात रामायण झालं. "माझ्या पोटाची दवंडी पिटत फिरलात? लाज नाही वाटली?"

"वाटली," तो म्हणाला. "पहिल्या दारावर फार वाटली. तिसऱ्यावर कमी झाली."

पुढचे दोन दिवस अक्काने डबा स्वतःच भरला. तिसऱ्या दिवशी मात्र थांब्यावर कळ आली. दाबून धरणं अंगवळणी पडलेलं, तरी ती ड्रायव्हरला "आलेच" म्हणून गल्लीत शिरली. तिसऱ्या दारावर थाप मारायला हात वर करते न करते तोच ते उघडलं.

"आज बस उशिरा आली," मास्तरीणबाई म्हणाल्या. "डावीकडे आहे. नळ जरा घट्ट फिरव."

त्यांनी एक शब्द जास्त विचारला नाही, आणि त्यासाठीच अक्का त्यांची झाली.

मग रोजचंच झालं. बाहेर येते तो टेबलावर पाण्याचा तांब्या. पुढे डबाही तिथेच, खुर्चीवर बसून. बाई एकट्या राहायच्या. कुणासाठी शिजवायचं म्हणून चहाबिस्किटावर दिवस काढायच्या. अक्काच्या ते लक्षात आलं. "तुमचं पोट कोण बघणार, बाई?" असं दटावून तिने आपला डबा मधे सरकवला. शिंपी न सांगता भाजी जास्त भरू लागला.

सगळं एका महिन्यात सुरळीत झालं असं नाही. कधी चार दिवस बरे, कधी पुन्हा तोच दगड. पण डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे गोळ्या कमी होत गेल्या आणि उन्हाळा सरता सरता बंद झाल्या. नवीन लागलेल्या दोन कंडक्टर पोरींना घेऊन अक्काने डेपोच्या साहेबांकडे अर्ज दिला, थांब्यावर सोय करा म्हणून. तिथे उभी राहून तिने सगळं स्पष्ट शब्दांत सांगितलं. लाजले ते साहेबच.

सुट्टीच्या दिवशी तिने नवऱ्याला बाईंकडे जेवायला नेलं. तिघं टेबलाशी बसली. शिंप्याचं आटोपलं, बाईंचंही आटोपलं. अक्का अजून काकडीची फोड चावत होती. दोघांचे हात वाळून गेले तरी ती दोघं तिच्याकडे बघत, न उठता बसून राहिली.